भयपटातील प्रारंभिक श्रेयनामावली
भयपटातील प्रारंभिक श्रेयनामावली : चित्रपटाचे नाव आणि त्यातील कलावंत व तंत्रज्ञ यांचा निर्देश करणारा, कथेपूर्वी किंवा तिच्या आरंभी येणारा दृश्यांश. इतर चित्रपटांत ती बहुधा माहितीपुरती असते. भयपटात मात्र प्रेक्षकाचे मन कथेपूर्वीच अस्वस्थ करण्याचे काम तिच्याकडे येते.

मूकपटांच्या व आरंभीच्या बोलपटांच्या काळात श्रेयनामावली म्हणजे अक्षरांकित फलकांची मालिका असे. परंतु फ्रँकेन्स्टाइन (१९३१) या अमेरिकन चित्रपटाने या साध्या फलकाचाच चतुर उपयोग केला. त्यात राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाच्या नावाऐवजी केवळ प्रश्नचिन्ह होते. बॉरिस कार्लॉफ (१८८७–१९६९) याचे नाव अखेरच्या नामावलीत आले. नाव सांगण्याच्या जागीच ते दडविण्याच्या या युक्तीला खर्च काहीच आला नाही. पुढील उत्तम नामावल्यांचे यशही मुख्यतः अशा दडवण्यातच आहे.

सॉल बास (१९२०–९६) या आरेखकाने सायको (१९६०) या हिचकॉकच्या चित्रपटासाठी केलेल्या नामावलीत रक्त नाही, शस्त्र नाही, की ते प्रसिद्ध घरही नाही. समांतर पट्ट्या पडद्यावर झपाट्याने सरकतात, अक्षरे दुभंगतात व जुळतात. जोडीला बर्नार्ड हरमन (१९११–७५) याचे केवळ तंतुवाद्यांचे संगीत आहे. जॉन कारपेंटरचा हॅलोवीन (१९७८) सुमारे तीन लाख डॉलरांत तयार झाला. काळ्या पार्श्वभूमीवर कोरलेला, आतून उजळलेला भोपळा आणि त्याच्याकडे संथपणे सरकणारा कॅमेरा एवढेच त्यात दिसते. पाच मात्रांची अस्वस्थ करणारी धून कारपेंटरनेच रचली.

सेव्हन (१९९५) हा वस्तुतः गुन्हेपट. तथापि काइल कूपरने केलेल्या त्याच्या नामावलीचे भयपटांत फार अनुकरण झाले. तीतील अक्षरे हाताने ओरखडलेली, थरथरणारी आहेत. अनुकरण करणारे ही थरथर उचलतात. पण मूळ नामावलीत खुनी आपल्या वह्या शिवताना दिसतो, त्याची बोटे दिसतात, चेहरा मात्र दिसत नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

अल्प खर्चामुळे हा प्रकार विद्यार्थ्यांना सोयीचा ठरला. ब्रिटनमधील ओसीआर या परीक्षा मंडळाच्या २००८ पासूनच्या माध्यम-अभ्यासक्रमात नव्या कथापटाची श्रेयनामावली व प्रारंभ जास्तीत जास्त दोन मिनिटांत चित्रित करण्याचा प्रकल्प होता. पुढे तो अभ्यासक्रम बदलला. अशा कामात नावे कोठे व किती वेळ ठेवावयाची, हाच कळीचा प्रश्न असतो. प्रेक्षक अक्षरे वाचत असतो तेवढा वेळ चौकटीच्या कडेकडे त्याचे लक्ष नसते, आणि दाराची हळूच होणारी हालचाल तेथेच दाखविता येते.