पोलादाचें उसनें कवच

घोड नदी डिंभे येथें अडविली गेली, तेव्हां ज्या आंबेगांवाचें नांव तालुका अजून धारण करतो, तें गांवच पाण्याखालीं गेलें. इतकें मोल देऊन सांठविलेलें पाणी शेतांकडे जातां जातां ५ मेगावॅट शक्तीच्या वीजगृहांत पोलादी चक्र फिरवितें. पाणी चक्र फिरवितें, तसेंच गाळाच्या योगें तें झिजवितेंही. या झिजेशीं मनुष्यानें मांडलेला झगडा जुना आहे.

त्याचें मर्म आमच्या खेड्यांतील सुतार-लोहारांस पूर्वींच उमगलें होतें. बाभळीचें चाक धक्के सोसतें, परंतु दगडांवर झिजतें. म्हणून त्यावर तापविलेली लोखंडी धांव चढवावयाची. अंग चिवट, कातडी कठीण, हें तें सूत्र होय.

विसाव्या शतकांत हेंच सूत्र नव्या रूपानें पुढें आलें. १९१० च्या सुमारास स्वित्झर्लंडांत माक्स शूप यानें वितळलेल्या धातूचे तुषार हवेच्या झोतानें पृष्ठावर उडविण्याची रीत काढली. १९२३ सालीं बर्लिन येथें कार्ल श्र्योटर यानें टंगस्टन कार्बाइडाचे कण कोबाल्टनें सांधले. कार्बाइड कठीण पण ठिसूळ. कोबाल्ट मऊ पण चिवट. परंतु फार वेळ ज्वालेंत राहिल्यास कार्बाइड बिघडतें. म्हणून १९८० नंतर ध्वनीहून वेगवान अशा ज्वालेच्या झोतानें ही भुकटी पोलादावर आदळविण्याची युक्ति प्रचारांत आली. मिलिमीटरच्या अंशाएवढा हा थर, पण पोलादाहून कितीतरी कठीण!

तथापि हें कवच अभेद्य नव्हे. बारीक रेती आधीं मऊ कोबाल्ट खाते. आधार सुटला कीं कार्बाइडाचे कण गळून पडतात. पोलादावरील पकड कच्ची असल्यास सबंध पापुद्राच निघतो. म्हणजे केवळ काठिण्यानें झीज टळत नाहीं.

हिमालयांत सतलजेवरील १५०० मेगावॅटच्या नाथपा-झाकरी येथें गारगोटीची तीक्ष्ण रेती चक्रें कुरतडते. तेथें हें कवच चढवावेंच लागलें. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांत गारगोटी पोकळ्यांतून सांपडते खरी, पण त्या खडकाच्या मूळ घडणींत ती नाहीं. शिवाय धरणाच्या संथ पाण्यांत जड गाळ तळाशीं बसतो. सतलजेचें औषध घोडेला जसेंच्या तसें लागू पडेल असें मानणें म्हणूनच शहाणपणाचें नाहीं. धांव बसविण्यापूर्वीं लोहार चाक मोजतो. यंत्रज्ञानेंही कवच निवडण्यापूर्वीं नदीचा गाळ तपासावा, असें आम्हांस वाटतें. ज्या पाण्यासाठीं एक गांव गेलें, त्याचें काम करणाऱ्या चक्राविषयीं एवढी काळजी घेणें अगत्याचें आहे.