एका शाळेच्या तीन पाट्या

स्मरणिकेसाठी लेख मागायला आलेल्या वर्गमित्राने जाता जाता विचारले, "खरं सांग, आपली बाळकुमची शाळा ठाण्याच्या शाळेपेक्षा कमी होती का रे?" मी दोन्हीकडे शिकलो. 1982 साली गावच्या शाळेतून सातवी पास झालो आणि जूनमध्ये शहरातल्या एका खासगी अनुदानित हायस्कुलात आठवीत बसलो. तेव्हा उत्तर देणे माझ्याकडे आले.

आधी थोडा इतिहास. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ती 'बोर्डाची शाळा' होती. 1 मे 1962 रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या आणि आपण शिकलो ती 'झेडपीची शाळा' झाली. 1 ऑक्टोबर 1982 रोजी ठाण्याची महानगरपालिका झाली, बाळकुमसह आसपासची गावे तिच्या हद्दीत आली आणि पुढे शाळेवर तिसरी पाटी लागली. म्हणजे मी जूनमध्ये शहरात शिकायला गेलो आणि ऑक्टोबरात गावच शहरात आले!

पाटी बदलते तेव्हा नाव बदलते, तसा पैशाचा मार्गही बदलतो. ठाण्यात 1853 साली रेल्वे आली, 1863 साली नगरपालिका झाली. शहराला घरपट्टी होती, जकात होती. खेड्याची भिस्त इंग्रजी अमलात लोकल फंडावर. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेत आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. ऑक्टोबर 1882 मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांची तक्रार हीच, की पैसा कष्टकऱ्यांच्या घामाचा आणि शिकतात वरच्या वर्गांची मुले. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा, शिक्षकांना नीट पगार द्या आणि शक्यतो ते शेतकरी समाजातून घ्या, असे त्यांनी सुचवले होते. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, ऑक्टोबरातच, आपले गाव शहरात गेले.

आता तुलना. हायस्कुलात प्रयोगशाळा होती, कपाटभर पुस्तके होती, प्रत्येक विषयाला वेगळे सर होते. आपल्याकडे एका खोलीत दोन वर्ग. एक वर्ग पाढे म्हणे, तेव्हा दुसरा शुद्धलेखन लिही. लावणीच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतावर असे. पण दोन दिवस कोणी दिसले नाही, की गुरुजी बांधावरून चालत घरी येत. आईशी दोन शब्द बोलत आणि मुलाला घेऊन परत जात. शहरात माझी गैरहजेरी हजेरीपटात नोंदली जाई. ती विचारायला घरी कोणी आले नाही.

आठवीच्या पहिल्या चाचणीत मी इंग्रजीत नापास झालो आणि गणितात वर्गात दुसरा आलो. इंग्रजी आपले कच्चे होते, हे मान्यच करू या. पण पहिल्याच दिवशी सरांनी काही विचारले आणि माझ्या तोंडून "मना ठाव नाय" गेले, तेव्हा सगळा वर्ग हसला. गावच्या शाळेत या बोलीला कोणी हसले नव्हते. बाई ती ऐकून घेत आणि मग पुस्तकातले वाक्य सांगत. फुल्यांनी शिक्षक शेतकरी समाजातले का मागितले, ते मला त्या दिवशी कळले.

तर मित्रा, उत्तर असे. दोन शाळांची कामे वेगळी होती. घरात पहिल्यांदाच पाटी हातात धरणाऱ्या मुलाला आपली शाळा वर्गापर्यंत आणत होती. तिथवर पोचलेल्याला हायस्कूल पुढे नेत होते. शिकवण्यात आपली शाळा कमी नव्हती. ती सातवीला संपत होती, एवढेच तिचे उणेपण. आणि त्या उण्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. सातवीचा ग्रुप फोटो काढून पाहा. पुढच्या रांगेत बसलेल्या मुलींपैकी आठवीला किती गेल्या? आमच्यासाठी बसभाडे निघाले, त्यांच्यासाठी निघाले नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाचा हक्क कायद्याने अमलात आला तो 1 एप्रिल 2010 रोजी. तोवर त्या आज्या व्हायला आल्या होत्या.

आज बाळकुम नाक्यावर मेट्रोचे खांब आहेत, भातशेतीच्या जागी टॉवर. मी माझी मुले इंग्रजी माध्यमात घातली. आपल्यातल्या बहुतेकांनी तेच केले. महापालिकेच्या वर्गात आता बाहेरगावाहून कामाला आलेल्यांची मुले दिसतात. त्यांच्या घरातही पाटी पहिल्यांदाच आली आहे. शाळा अजून तेच काम करते आहे.

एक सूचना करून थांबतो. मेळाव्याची आपली यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून झाली आहे. त्या ग्रुपमध्ये मुख्यतः दहावीपर्यंत पोचलेले आहेत, म्हणजे पुढची रांग जवळजवळ गळालीच. यादी शाळेच्या जनरल रजिस्टरवरून पुन्हा करू या. त्यात प्रत्येकीचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचा दिवस आहे. सासरचे पत्ते शोधायला मी तयार आहे. बाईंनाही हजेरी पूर्ण झालेली आवडेल.