कुमाऊंच्या वनपंचायती

इ. स. १९२१ च्या मकरसंक्रांतीला अलमोडा जिल्ह्यांतील बागेश्वर येथें, सरयू व गोमती ह्यांच्या संगमावर, नेहमींप्रमाणें उत्तरायणीची जत्रा भरली होती. त्या वर्षीं जमलेल्या लोकांनीं वेठीच्या नोंदींचीं रजिस्टरें नदींत फेंकून दिलीं आणि यापुढें सरकारी अंमलदारांचें ओझें वाहणार नाहीं, अशी शपथ घेतली. बद्रीदत्त पांडे व हरगोविंद पंत हे त्या चळवळीचे पुढारी. ही हकीकत पुष्कळांच्या वाचनांत येते. परंतु त्याच वर्षाच्या उन्हाळ्यांत कुमाऊंच्या डोंगरांवर जे वणवे पेटले, त्यांची कथा महाराष्ट्रांत फारशी कोणाला ठाऊक नाहीं. आणि जंगलाचा कारभार कोणीं ठरवावा, ह्या प्रश्नाच्या इतिहासांत तीच अधिक मोलाची आहे.

इंग्रजांनीं १८१५ सालीं गुरख्यांकडून कुमाऊं घेतलें. पुढें १८२३ सालीं ट्रेल ह्या अधिकाऱ्यानें गांवोगांवच्या सीमा लिहून काढविल्या. तें विक्रम संवत् १८८० होतें, म्हणून त्या सीमांना लोक ‘सन अस्सी’च्या सीमा म्हणूं लागले. त्या सीमेच्या आंतलें रान तें आपलें, ही समजूत तेव्हांपासून डोंगरी माणसाच्या मनांत पक्की बसली. सरकारची समजूत निराळी होती. १८९३ सालीं एक जाहीरनामा निघाला आणि मोजणी न झालेली सारी जमीन सरकाररक्षित जंगल ठरली. १९११ ते १९१७ ह्या सहा वर्षांत तर कुमाऊं विभागांतील ३,००० चौरस मैलांहून अधिक जंगल जंगलखात्याच्या ताब्यांत गेलें. हद्दीचे खांब कित्येक गांवीं शेताच्या बांधाशीं येऊन भिडले. गुरें किती चारावीं, पाला कोठें छाटावा, लाकूड किती न्यावें, ह्यांवर निर्बंध आले. गवताला गेलेल्या बायकांना पतरौल, म्हणजे जंगलाचा शिपाई, अडवूं लागला.

तंट्याचें मूळ दोन झाडांत आहे. एक चीड, उंच वाढणारा सूचिपर्णी वृक्ष. त्यापासून रेल्वेचे स्लीपर मिळतात आणि खोडाला खांचा पाडल्या म्हणजे राळ गळते. दुसरा बांज, ओकच्या जातीचा. त्याचा पाला गुरांना खाऊं घालावयाचा, वाळलेला पाचोळा गोठ्यांत अंथरावयाचा, त्याचेंच पुढें खत होतें. नांगराला व चुलीला लाकूड त्याचें, आणि बांजाच्या रानाखालीं पाण्याचे झरे टिकतात असा लोकांचा अनुभव. सरकारी योजना चिडाच्या हिशेबानें आंखलेली, आणि गांवचा संसार मात्र बांजावर चाललेला! कोंकणांतल्या शेतकऱ्याला हें दुःख नवें नाहीं. राबासाठीं टाहाळ तोडण्यावरून ठाणें जिल्ह्यांत असाच असंतोष माजला होता व मुंबई सरकारला १८८५ सालीं चौकशीसाठीं जंगल-कमिशन नेमणें भाग पडलें होतें.

१९२१ च्या उन्हाळ्यांतील आगी मुख्यतः सरकारच्या चिडाच्या जंगलांना लागल्या. बांजाच्या रानांना त्यांची झळ लागल्याचा पुरावा मिळत नाहीं. चीड मुळांतच लवकर पेट घेतो, ही गोष्ट खरी. तथापि कोणतें रान आपलें आणि कोणतें परक्याचें, हें आग लावणाऱ्याला नीट कळत होतें, असें म्हटल्यावांचून गत्यंतर नाहीं.

सरकारनें त्याच वर्षीं कमिशनर विंडहॅम ह्यांच्या अध्यक्षतेखालीं एक तक्रार-कमिटी नेमली. कमिटीनें डोंगरोडोंगर फिरून ५,००० हून अधिक लोकांच्या साक्षी घेतल्या. त्या काळच्या परकीय सरकारनें जंगलाच्या बाबतींत खेडुताला इतक्या विस्तारानें विचारल्याचीं उदाहरणें थोडींच सांपडतील. दुसऱ्याच वर्षीं गोविंदवल्लभ पंत ह्यांनीं कुमाऊंच्या जंगलप्रश्नावर इंग्रजींत एक पुस्तक लिहून लोकांची बाजू कायदेशीर भाषेंत मांडली. (ह्या पंत घराण्याचें मूळ महाराष्ट्रांत आहे, अशी परंपरा सांगतात.) कमिटीच्या शिफारशीवरून राखीव जंगलांचे दोन वर्ग झाले. विक्रीच्या दृष्टीनें मोलाचीं जंगलें खात्याकडे राहिलीं, बाकीचीं मुलकी खात्याकडे गेलीं व तेथील बंधनें सैल झालीं. पण बंधन काढलें आणि त्या जागीं राखणारा मात्र कोणी नेमला नाहीं. परिणाम व्हावयाचा तोच झाला. अनेक ठिकाणीं मन मानेल तशी तोड सुरू झाली. तक्रार ऐकून घेणें निराळें आणि कारभार सोपविणें निराळें, हा भेद सरकारच्या ध्यानांत यावयास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं.

१९३१ सालीं पंचायत-जंगलांचे नियम झाले. गांवकऱ्यांनीं डेप्युटी कमिशनरकडे अर्ज करावा, हद्दीची चौकशी व्हावी, मग पंच निवडावे, आणि पंचांनीं आपल्यांतून सरपंच नेमावा. पंचायतीला तें रान विकतां येत नसे, वांटून घेतां येत नसे, तोडून शेत करतां येत नसे. मात्र त्या मर्यादेच्या आंत रानाची व्यवस्था तिची. गवताचें रान पावसाळ्यांत बंद ठेवावयाचें आणि हिवाळ्याच्या तोंडीं ठरल्या दिवसांपुरतें उघडावयाचें. किती भारे न्यावयाचे आणि घरटी किती माणसें यावयाचीं, हेंही कित्येक गांवीं आधींच ठरे. बांजाचा पाला केव्हां छाटावा, कोणत्या उतारावर गुरें सोडूं नयेत, घराला वासे कोणत्या झाडाचे द्यावे, ह्या गोष्टी पंच बैठकींत ठरवीत आणि वहींत उतरवून ठेवीत. चोरटी तोड करणाऱ्याचा कोयता जप्त होई, दंड होई. राखणदाराला घरोघरचें धान्य किंवा वर्गणी मिळे. जेथें तेवढीही ऐपत नसे, तेथें गांवकरी पाळीनें राखण करीत. जंगलाची योजना हा भारी शब्द त्या वह्यांत नसेल. परंतु योजना म्हणतात ती हीच.

सगळ्याच पंचायती अशा नव्हत्या. कांहीं कागदावरच राहिल्या, कांहीं हद्दीच्या भांडणांत अडकल्या. आणखी एक मोठें वैगुण्य होतें. रानांत रोज जाणार बायका, आणि पंचांच्या बैठकींत बसणार पुरुष. अस्पृश्य मानलेल्या जातींना तर बैठकींत फार क्वचित् स्थान मिळे. स्त्रियांसाठीं राखीव जागा नियमांत आल्या त्या फार उशिरां.

स्वराज्य आल्यावर हे अधिकार वाढतील, अशी अपेक्षा असणें साहजिक होतें. घडलें बरेंचसें उलट. १९७६ च्या नवीन नियमांनीं जंगलखात्याचा हात पंचायतींच्या कारभारांत अधिक आंत आला. २००१ व २००५ च्या नियमांनीं तो आणखी पुढें सरकला. पंचायतीनें आराखडा करावा, पण त्याला वनाधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, असा क्रम पडला. आज उत्तराखंडांत वनपंचायतींची संख्या ११,००० च्या वर आहे. संख्येवरून अधिकाराचें माप काढूं गेल्यास मात्र फसगत होईल. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत सरकारी आणि पंचायती जंगलांची तुलना केली आहे. जंगल राखण्याच्या कामीं पंचायती सरकारपेक्षां उण्या ठरल्या नाहींत, आणि जमिनीच्या मानानें त्यांचा खर्च सरकारी खर्चाच्या सुमारें एक दशांश निघाला.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें सामूहिक जंगल राखण्याचा व त्याची व्यवस्था लावण्याचा हक्क साऱ्या देशांतील ग्रामसभांना दिला. आपल्या महाराष्ट्रांत गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा-लेखा ह्या गोंड गांवाला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर तो हक्क २००९ सालीं मिळाला. तरीही गांवानें आपल्याच रानांतला बांबू विकावयास काढला, तेव्हां तो बाहेर नेण्याचा परवाना कोणीं द्यावयाचा, ह्यावरून खात्याशीं वाद झाला. ते परवाने फाडण्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें तें २०११ सालीं, आणि त्यासाठीं केंद्र सरकारच्या मंत्र्याला दिल्लीहून त्या गांवीं जावें लागलें.