दोन दारे, एक सुरत : जव्हार-मोखाड्याची वाट आणि पर्यायी गेटवेचा इतिहास

१/
१७ ऑक्टोबर १६७०. सुरतेची दुसरी लूट घेऊन शिवाजी महाराजांची फौज बागलाणातून नाशिककडे उतरत होती. बऱ्हाणपूरहून निघालेला मोगल सरदार दाऊदखान कुरेशी चांदवडमार्गे तिची वाट अडवायला येत होता. वणी-दिंडोरीच्या परिसरात दोन्ही फौजांची गाठ पडली. मोगलांच्या आघाडीवरचा इखलासखान मियाना जखमी होऊन घोड्यावरून कोसळला. दिवसभराच्या लढाईनंतर मराठे विजयी झाले आणि खजिना सुखरूप पुढे गेला.

या विजयाने एक प्रश्न मात्र मागे ठेवला. सुरतेहून परतण्याचे दार प्रत्येक वेळी लढूनच उघडावे लागणार असेल, तर त्या दाराचा भरवसा किती धरायचा? पुढच्या वीस महिन्यांत या प्रश्नाचे उत्तर घडत गेले. त्या उत्तराचा एक महत्त्वाचा भाग आजच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत आहे.

२/
हाच प्रश्न तीन शतकांनंतर संगणकांच्या जाळ्यात उभा राहिला. एखाद्या कार्यालयातील सर्व संगणक बाहेरच्या जगाशी ज्या राउटरमार्फत बोलतात, त्याला गेटवे म्हणतात. प्रत्येक संगणकाला या गेटवेचा एकच पत्ता ठाऊक असतो. तो राउटर बंद पडला, तर आतले सर्व संगणक धडधाकट असूनही कोंडले जातात. शेजारी दुसरा राउटर असला तरी उपयोग होत नाही, कारण त्याचा पत्ता संगणकांना माहीत नसतो.

यावरचा उपाय १९९० च्या दशकात रूढ झाला. सिस्को कंपनीने ‘हॉट स्टँडबाय राउटर प्रोटोकॉल’ आणला. १९९८ मध्ये ‘व्हर्च्युअल राउटर रिडंडन्सी प्रोटोकॉल’, म्हणजे व्हीआरआरपी, हा सर्वांसाठी खुला नियम प्रसिद्ध झाला. दोन राउटर, त्यांचा एक सामायिक पत्ता, एक कामावर आणि एक राखीव, अशी ही रचना आहे. पहिला थांबला की दुसरा त्याची जागा घेतो. या बदलीला फेलओव्हर म्हणतात.

तंत्र नवे असले, तरी त्यामागची गरज फार जुनी आहे. सह्याद्रीच्या घाटवाटांनी ती शतकानुशतके अनुभवली आहे.

३/
नकाशा डोळ्यांपुढे आणला की जव्हारचे महत्त्व कळते. पश्चिमेला डहाणू-पालघरची किनारपट्टी, पूर्वेला त्र्यंबकेश्वर आणि नाशिक. या दोहोंच्या मध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर जव्हारचे पठार आहे. तेथून पूर्वेला मोखाडा आणि मोखाड्याच्या पुढे त्र्यंबककडे चढणारे घाट. किनाऱ्यावरून देशावर जाणारी ही चढण दोन टप्प्यांची आहे. आधी पठार गाठायचे, मग सह्याद्रीचा माथा.

कोकणातून नाशिककडे जाणारे मुख्य दार दक्षिणेला होते. ते म्हणजे थळ घाट, आजचा कसारा घाट. उत्तरेला बागलाणाच्या वाटा होत्या. जव्हार-मोखाड्याचा मार्ग या दोहोंच्या मधला. तो अधिक जंगलातला आणि अधिक अवघड, पण दोन्ही शेजाऱ्यांपासून वेगळा. हा वेगळेपणा पुढे निर्णायक ठरतो.

४/
किनारा आणि नाशिक यांचे नाते प्राचीन आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील १० क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. शूर्पारक, म्हणजे सोपारा, येथील दानाचा त्यात उल्लेख आहे. दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर लोकांसाठी विनामूल्य नावांची सोय केल्याचेही त्यात नोंदवले आहे. नदीला पूर आला तरी वाट तुटू नये, ही काळजी तेव्हाही राज्यकर्त्याला होती.

पुढे चौदाव्या शतकात या टापूत महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे राज्य उभे राहिले. गॅझेटियरमधील हकिकतीनुसार या घराण्याचे मूळ ठाणे थळ घाटाजवळच्या मुकणे येथे होते. म्हणजे एका घाटाच्या तोंडाशी राहणाऱ्या घराण्याने दुसऱ्या वाटेवर राजधानी वसवली. १३४३ मध्ये दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाने नेमशाह यांना राजा म्हणून मान्यता दिली. तेव्हा त्यांच्याकडे बावीस किल्ले होते, असे गॅझेटियर सांगते. घाट राखणे हाच अशा राज्याचा आधार असतो. जो वाट राखतो, त्याला दोन्ही बाजूंच्या सत्ता विचारात घेतात.

५/
सन १६६४. सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. ६ जानेवारीला महाराजांची फौज शहराबाहेर पोहोचली. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला आणि १० जानेवारीपर्यंत शहर मराठ्यांच्या हाती राहिले.

या मोहिमेच्या वाटेवर जव्हार होते. जव्हारजवळ शिरपामाळ नावाचे ठिकाण आहे. राजे विक्रमशाह यांनी तेथे महाराजांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला, अशी स्थानिक परंपरा आहे. या भेटीची आणि विक्रमशाहांच्या सहभागाची दखल गॅझेटियरही घेते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा लागतो. १६६४ मध्ये जव्हारचे दार मित्राच्या हातात होते आणि मित्राने ते उघडले. सोय उत्तम होती. पण दाराची किल्ली स्वराज्याकडे नव्हती.

६/
ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत पुन्हा लुटली गेली. या वेळी मराठे बागलाणातील मुल्हेरच्या बाजूने परतले आणि वणी-दिंडोरीची लढाई झाली. दाऊदखानाच्या छावणीत भीमसेन सक्सेना हा होता. त्याने आपल्या फारसी आठवणींत या मोहिमेचे वर्णन केले आहे.

महाराजांनी फौजेचे भाग पाडले. एक भाग खजिना घेऊन नाशिकच्या रस्त्याने झपाट्याने पुढे निघाला आणि दुसरा खिंड धरून मागे राहिला. पिछाडीने शत्रूला झुंजवत ठेवले, तोवर खजिना दूर गेला. वाट अडली तरी माल थांबला नाही.

युद्धकला म्हणून हे अप्रतिम आहे. पण व्यवस्था म्हणून पाहिले, तर ही संकटाच्या क्षणी केलेली तजवीज होती. तिची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली. जी बदली आधी ठरलेली नसते, ती प्रत्येक वेळी एखाद्याच्या शौर्यावर अवलंबून राहते.

७/
पुढचा घटनाक्रम सलग पाहण्यासारखा आहे.

जानेवारी १६७१ : बागलाणातील साल्हेर किल्ला मराठ्यांनी घेतला.

फेब्रुवारी १६७२ : साल्हेरला वेढा घालून बसलेल्या मोगल फौजेचा मोठा पराभव झाला. उत्तरेकडील वाटेवर मराठ्यांचा पाय रोवला गेला.

५ जून १६७२ : मोरोपंत पिंगळे यांच्या फौजेने जव्हार जिंकले. तेथे १७ लाखांचा खजिना हाती आल्याची नोंद मिळते. विक्रमशाह नाशिककडील मोगली मुलखात निघून गेले.

जुलै १६७२ : जव्हारच्या उत्तरेचे रामनगरचे राज्यही मराठ्यांनी घेतले. आजच्या गुजरातमधील धरमपूर तो हा परिसर. तेथला राजा सोमशाह आधीच कुटुंबासह चिखलीकडे गेला होता.

याच काळात मोरोपंतांनी सुरतेकडे चौथाई म्हणून चार लाखांची मागणी करणारी पत्रे पाठवली. जव्हार आणि रामनगर हाती आल्याने कल्याणपासून उत्तर कोकणातून सुरतेकडे जाणारा जवळचा आणि सुरक्षित मार्ग मिळाला, असे इतिहासकार जदुनाथ सरकार यांचे निरीक्षण आहे.

८/
जव्हारवरील चढाई केवळ वाटेसाठी होती, असे म्हणणे एकांगी ठरेल. खजिना, चौथाई आणि सरहद्द ही कारणेही तितकीच ठळक आहेत. पण परिणाम मात्र निःसंदिग्ध आहे. १६७० मध्ये सुरतेहून परतताना एका खिंडीपाशी लढावे लागले होते. १६७२ च्या पावसाळ्यापर्यंत बागलाणची वरची वाट आणि जव्हार-रामनगरची खालची वाट अशा दोन्ही वाटांवर स्वराज्याचा हात होता.

मोगलांच्या बाजूने विचार केला म्हणजे फरक समजतो. एक दार असेल तर सारे बळ तेथे लावता येते. दारे दोन झाली की फौज विभागावी लागते, किंवा एक दार मोकळे सोडावे लागते. दोन्ही वाटांवरून एकाच वेळी कोणी येत नसले, तरी दोन वाटा आहेत ही जाणीवच शत्रूचे गणित बिघडवते.

९/
आता पुन्हा राउटरकडे. व्हीआरआरपीची रचना पाहिली की हेच नियम अंकांत मांडलेले दिसतात.

पहिला नियम अग्रक्रमाचा. प्रत्येक राउटरला १ ते २५५ मधील एक क्रमांक दिलेला असतो. ज्याचा क्रमांक मोठा, तो मुख्य. कोणी पुढे व्हायचे हे संकटापूर्वीच ठरलेले असते.

दुसरा नियम खबरीचा. मुख्य राउटर साधारणपणे दर सेकंदाला ‘मी जागा आहे’ असा संदेश पाठवतो. तीन संदेशांइतका काळ शांततेत गेला की राखीव राउटर सूत्रे हाती घेतो. संगणकांना ठाऊक असलेला पत्ता तोच राहतो, म्हणून त्यांना बदल करावा लागत नाही.

तिसरा नियम परतीचा. मुख्य राउटर दुरुस्त झाल्यावर त्याने जागा पुन्हा घ्यायची की राखीव राउटरलाच राहू द्यायचे, हेही आधीच ठरवावे लागते. नाहीतर सूत्रे वारंवार इकडून तिकडे जातात आणि पहिल्या बिघाडापेक्षा तो गोंधळच महाग पडतो.

१०/
चौथा नियम मात्र कोणत्याही प्रोटोकॉलमध्ये लिहून भागत नाही. दोन्ही वाटा खरोखर स्वतंत्र हव्यात. दोन राउटर ठेवले, पण दोघांची वीज एकाच बटणावर आणि बाहेर जाणारी तार एकाच खांबावरून, तर दार एकच राहते. दिसतात तेवढी दोन.

३० जानेवारी २००८ रोजी जगाला याचा धडा मिळाला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळावरील दोन मोठ्या केबल एकाच दिवशी तुटल्या. केबल निराळ्या होत्या, त्यांचे मालक निराळे होते, पण समुद्रातली वाट जवळजवळ एकच होती. भारतासह अनेक देशांतील इंटरनेट मंदावले. ज्यांनी पूर्वेकडून, सिंगापूर आणि प्रशांत महासागरामार्गे वेगळी जोडणी राखली होती, त्यांचे काम चालू राहिले.

साल्हेर आणि जव्हार यांच्यामधील डोंगररांगा हेच स्वातंत्र्य देत होत्या. एका वाटेवरचा शत्रू दुसऱ्या वाटेवर सहज पोहोचू शकत नव्हता.

११/
मात्र राउटर आणि राज्य यांत एक मोठा भेद आहे. राखीव राउटरला स्वतःची इच्छा नसते. जव्हारला होती.

विक्रमशाह १६६४ मध्ये यजमान होते आणि १६७२ मध्ये निर्वासित झाले. दोन बलाढ्य सत्तांच्या मधले दार राखणाऱ्या छोट्या राज्याची ही शोकांतिका आहे. दार उघडले तर एकाचा रोष, बंद ठेवले तर दुसऱ्याचा. मोठ्या सत्तेला मित्राच्या हातातल्या किल्लीवर कायम विसंबता येत नाही आणि किल्ली मागितली की मैत्री संपते. स्वराज्याच्या दृष्टीने १६७२ ची मोहीम दूरदृष्टीची होती. जव्हारच्या दृष्टीने ती राज्य गमावण्याची घटना होती. दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत आणि इतिहास वाचताना दोन्ही धरून ठेवावी लागतात.

मुकणे घराणे तरीही टिकले. पुढे त्यांना राज्य परत मिळाले. पेशवाईत मुलूख आक्रसत गेला, तरी जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत अस्तित्वात होते.

१२/
शेवटचा अध्याय विस्मरणाचा आहे. १ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील लोहमार्ग सुरू झाला. मुख्य दार इतके रुंद आणि वेगवान झाले की शेजारच्या वाटेची गरज कुणाला वाटेनाशी झाली. एकाच वाटेवर दोन कारभार होते, हेही तिच्या आड आले. जव्हार संस्थानात आणि मोखाडा इंग्रजी अमलातील ठाणे जिल्ह्यात. जव्हार-मोखाड्यात आजही रेल्वे नाही. मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर अशी जाणारी सडक आता राष्ट्रीय महामार्ग आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यापासून दोन्ही तालुके त्यात आहेत.

नेटवर्क सांभाळणारे अभियंते एक शिस्त पाळतात. मुख्य राउटर ठणठणीत असतानाही तो मुद्दाम बंद करून पाहतात आणि राखीव राउटर वेळेवर उभा राहतो की नाही हे तपासतात. न वापरलेली वाट कागदावर शाबूत दिसते, पण तिच्यावर झुडपे वाढलेली असतात. ती झुडपे कापायला संकटाच्या दिवशी वेळ नसतो.

जव्हार-मोखाड्याच्या वाटेची आठवण जगाला मुख्य दार अडले की होत असे आणि ते उघडले की पुन्हा विसर पडत असे. राखीव म्हणून ठेवलेल्या प्रत्येक वाटेवर माणसे राहतात. त्यांच्यासाठी मात्र ती पर्यायी वाट कधीच नव्हती. ती त्यांची एकमेव वाट होती.