टाकीत पिकलेली लाली

आजच्या भागाची सुरुवात आमच्या घरातूनच करतो, नवीन जालन्यातून.

माझ्या धाकट्या बहिणीला डेंग्यू झाला होता. ताप गेला, ती कामावरही जायला लागली, आणि दोन-अडीच महिन्यांनी कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. एका रात्री ती मोबाईल घेऊन आली. "दादा, हे बघ ना. सफरचंदाच्या स्टेम सेलचं सीरम आहे. दीड हजार रुपये. घेऊ का?" पगार तिचा, केस तिचे. मी म्हटलं, थांब, जरा वाचून सांगतो. आणि वाचता वाचता मी पोचलो थेट १९०२ सालात.

त्या वर्षी ऑस्ट्रियातल्या गॉटलिब हाबरलांट नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एक कल्पना मांडली. झाडाची एक पेशी वेगळी काढून काचेच्या भांड्यात वाढवायची, आणि तिच्यातून अख्खं झाड उभं राहू शकतं. त्याच्या पेशी जगल्या, आकाराने वाढल्याही, पण एकीच्या दोन काही झाल्या नाहीत. तो हरला, पण कल्पना राहिली. १९३९ च्या सुमारास फ्रान्स आणि अमेरिकेत गाजर आणि तंबाखूच्या पेशी भांड्यात न थांबता वाढू लागल्या. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या स्टुअर्ड यांनी गाजराच्या सुट्या पेशींपासून रोपं तयार केली. त्या पेशींना खाऊ काय घातला होता, माहितीये? आपलं नारळपाणी!

आता तुम्ही म्हणाल, यात मेकअप कुठे आला? तो आला जपानमधून.

तिथे मुरासाकी नावाचं एक झाड आहे. त्याच्या मुळीत शिकोनिन नावाचा लाल-जांभळा रंग असतो. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रतनजोत नावाची लाल मुळी मिळते बघा, आजी तेलात टाकायची ती. मुरासाकीही त्याच कुळातली. अडचण अशी, की मुळीत पुरेसा रंग भरायला काही वर्षं लागतात, आणि रंग हवा तर झाड उपटावंच लागतं. म्हणजे जितकी मागणी, तितकी झाडं कमी.

क्योटो विद्यापीठात मामोरू ताबाता यांच्या गटाने १९७४ मध्ये दाखवून दिलं, की या झाडाच्या पेशी भांड्यातसुद्धा हा रंग बनवतात. पण त्यांच्या अटी होत्या. उजेड पडला की रंग बंद. खतात अमोनियम असलं की रंग बंद. मूळ जमिनीत अंधारात वाढतं ना, तसंच यांचं. मग मित्सुई पेट्रोकेमिकल या कंपनीने दोन टप्पे केले. एका टाकीत पेशी नुसत्या वाढवायच्या, दुसऱ्या टाकीत त्यांच्याकडून रंग करून घ्यायचा. वर्षांचं काम आठवड्यांवर आलं. १९८० च्या दशकात कानेबो कंपनीची लिपस्टिक या रंगाने बाजारात आली. झाडाच्या पेशी टाकीत वाढवून विकलेला हा जगातला पहिला मोठा माल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. त्या लिपस्टिकने रंग द्यायचं कबूल केलं आणि रंग दिला. ओठाला लावला की दिसतोय.

सफरचंदाची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये उटविलर श्पेटलाउबर नावाचं जुनं सफरचंद आहे, फार दिवस टिकणारं. २००८ मध्ये मिबेल या कंपनीने त्याच्या पेशी टाकीत वाढवून त्यांचा अर्क काढला. सफरचंद टिकतं, मग त्वचाही टिकेल, अशी ती जाहिरात. पण अर्क काढताना पेशी फोडतात. बाटलीत जिवंत पेशी एकही नसते. आणि असती तरी सफरचंदाची पेशी माणसाच्या डोक्यात केस उगवणार नाही. कंपनीने सुरकुत्यांवर केलेली गाजलेली चाचणी होती २० जणांवर, चार आठवडे. एवढ्यावरून केसांबद्दल काय बोलणार?

मग हे तंत्र फसवं आहे का? अजिबात नाही, आणि हे जालनेकराला वेगळं सांगायला नको. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, आणि आपलं गाव बियाण्याचं गाव झालं. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्यातलं जनुक आधी अमेरिकेत 'कोकर ३१२' या वाणात घातलं होतं. तोच वाण का? कारण त्याच्या भांड्यातल्या पेशींपासून पुन्हा अख्खं रोप उभं करता येतं. मग त्या कापसाचा इथल्या वाणांशी संकर केला. म्हणजे आपल्या शिवारातल्या सरकीत हाबरलांटचं स्वप्न आहे. जळगावची टिश्यू कल्चर केळी तर तुम्ही खाल्लीच असतील.

तंत्र खरं आहे. त्याच्या नावावर काय विकलं जातंय, ते तपासायचं. बाटली उलटी करा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहितात, त्याखालचे कसेही. 'सेल कल्चर एक्स्ट्रॅक्ट' हे शब्द यादीच्या शेपटीला, सुगंधाच्या आसपास दिसले, तर समजून जा. आणि कायद्याने कॉस्मेटिक म्हणजे स्वच्छ करणारं, छान दिसायला मदत करणारं. आजार बरा करणारं ते औषध.

बहिणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "इतिहास ठीक आहे दादा, पण माझ्या केसांचं काय?" बरोबर होतं तिचं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्या म्हणाल्या, मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात, आणि बहुतेकांचे काही महिन्यांत परत येतात. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन कमी निघालं. ते सीरमच्या बाटलीवर कुठे लिहिलेलं असणार!

आता तिच्या कपाळाशी बारीक केस दिसायला लागलेत. वेणी अजून पातळच आहे. रोज आरशात बघते, मोजते आणि मला ओरडून सांगते.

तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय, ते आज जरा वाचा. भेटू पुढच्या भागात.