वाऱ्याचा हिशेब

वाऱ्याची मोट बांधता येत नाही, अशी म्हण मराठीत रूढ आहे. तथापि दर्यावर्दी माणसाने तो उद्योग कधी सोडला नाही. शिडाची जहाजे मागे पडली, ती वारा आटला म्हणून नव्हे. वाफेचे जहाज कोणत्या दिवशी बंदरास लागेल, हे व्यापाऱ्यास आगाऊ सांगता येई. वाऱ्याच्या भरवशावर तसा शब्द देता येत नसे.

१९२४ साली जर्मनीत अँटोन फ्लेटनर याने ‘बुकाउ’ जहाजाची शिडे उतरवून तेथे सुमारे १५ मीटर उंचीचे दोन फिरते स्तंभ उभारले. फिरत्या नळकांड्यावरून वारा वाहू लागला की त्यास आडवी ओढ बसते, हे बर्लिनच्या माग्नुसने १८५२ मध्येच दाखविले होते. १९२६ मध्ये हे जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. परंतु इंधन स्वस्त होते. खर्चाचा मेळ बसेना.

पुढची वाट गणिताने दाखविली. अमेरिकेतील केनेथ डेव्हिडसन याने १९३६ मध्ये ‘गिमक्रॅक’ या शिडाच्या नौकेची समुद्रावरील मोजमापे आणि हौदात ओढलेल्या तिच्या प्रतिकृतीची मोजमापे एकत्र जुळविली. शीड नौकेस पुढे लोटते, तसेच बाजूस रेटते व कलविते. पाणी तिला विरोध करते. या बलांचा तोल जेथे साधतो, तोच नौकेचा वेग. मात्र वेग बदलला की नौकेवर जाणवणारा वाराही बदलतो. म्हणून वेग अंदाजाने धरावा, तोल पाहावा, न जुळल्यास पुन्हा धरावा, असे हे किचकट काम आहे. १९७० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जस्टिन कर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते गणकयंत्रावर सोपविले. हेतू एवढाच, की शर्यतीतील लहानमोठ्या नौकांस न्याय्य सवलत मिळावी.

खेळासाठी रचलेली ही रीत आता मालवाहू जहाजांच्या कामी येते. मार्गावरील वाऱ्याच्या अनेक वर्षांच्या नोंदी तिच्यात घातल्या, की इंधनाची बचत आगाऊ वर्तविता येते. २०१८ मध्ये ‘मर्स्क पेलिकन’ या तेलवाहू जहाजावर ३० मीटर उंचीचे दोन स्तंभ बसविले. अपेक्षा ७ ते १० टक्के बचतीची होती. वर्षभराच्या प्रवासानंतर लॉइड्स रजिस्टरने पडताळलेला आकडा ८.२ टक्के निघाला.

२०५० च्या सुमारास जहाजांचे हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणावे, असे राष्ट्रांनी २०२३ मध्ये ठरविले आहे. वारा आजही कोणाच्या आज्ञेत नाही. परंतु त्याचा हिशेब मांडता येऊ लागल्याने व्यापारी त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकू लागला आहे.