कशिदा : एका शब्दाचे गोत

बेळगाव-धारवाडकडे इरकली लुगड्यावर कसुती असते, हैदराबादेकडे उर्दू कवी कसीदा रचीत आणि मराठी घरांतील लेकीसुना कशिदा काढीत आल्या. तिन्ही शब्द कानाला सख्खी भावंडे वाटतात. म्हणूनच ‘कसुती हा कशिद्याचाच अपभ्रंश’ असे पुष्कळदा बोलून दाखविले जाते. परंतु शब्दांच्या कुळाची चौकशी केवळ कानावर विसंबून करता येत नाही.

‘कशिदा’ मूळचा फारसी. ‘कशीदन’ म्हणजे ओढणे, तसेच रेखणे. ‘कशीदा’ म्हणजे ओढलेले, रेखलेले. अक्षर लांबविण्यासाठी लेखनिक जी रेघ ओढतो, तिलाही कशीदाच म्हणतात. सुईमागे दोरा ओढीत कापडावर वेलबुट्टी रेखली जाते. तेव्हा हे नाव तिला अन्वर्थक आहे. इ. स. १३४७ मध्ये बहमनी राज्य स्थापन झाले आणि दक्षिणेच्या राजकारभारात फारसीचा अंमल वाढत गेला. पुढे शिवकाली राजव्यवहारकोशाने कारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तथापि रेशीम, जर, अस्तर, रुमाल यांच्याप्रमाणेच कशिदाही मराठी घरांत सुखाने नांदत राहिला.

‘कसीदा’ या स्तुतिकाव्याचे मूळ अरबी असून त्या धातूचा अर्थ हेतू धरणे, रोख धरून जाणे असा आहे. पेशवाईतील पत्रे पोचविणारा ‘कासीद’ हा त्याचा खरा आप्त. कशिद्याशी त्याचा संबंध नाही.

‘कसुती’ची फोड कन्नडात ‘कै’ म्हणजे हात आणि सुती दोरा अशी करतात. तिची रीतही स्वतंत्र आहे. कापडावर आधी आकृती रेखाटीत नाहीत; ताण्याबाण्याचे धागे मोजून टाके घालतात. गवंती व मुरगी या टाक्यांत गाठ न मारता सुई गेल्या वाटेने परतते आणि मधली रिकामी घरे भरते. त्यामुळे नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन या तिच्या आकृतीही त्याच भूमीतल्या. शेजारणीच्या अशा कलेचे नाव आपल्या शब्दाचा अपभ्रंश ठरविणे म्हणजे तिचे श्रेय नकळत हिरावून घेणे होय.

कशिद्याची खरी साक्ष मराठी क्रियापदात आहे. भरत भरतात, जाळी विणतात. कशिदा मात्र ‘काढतात’, जसे चित्र किंवा रांगोळी काढतात. फारसीचा गंधही नसलेल्या बायकांनी मूळ धात्वर्थाचेच क्रियापद त्याला जोडून दिले.

त्याचा एक सख्खा भाऊ उर्दूत आहे : ‘कशीदगी’, म्हणजे मनांतील ताण, दुरावा. ओढ तीच, कापडावर तिची नक्षी होते, माणसांत तेढ.